मागच्या चाकाची कॅसेट घरी काढायची हत्यारं: धुळ्यातल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सकाळी सोनगीरला जाऊन आलो. तांबटांच्या गल्लीतली ठोकठोक ऐकत चहा घेतला आणि आग्रा रोडने परत निघालो. नगाव जवळ आलं तेव्हा मागून टण्ण असा आवाज झाला. खडा उडाला असेल असं वाटलं, पण चार पायडल मारले तोच मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. उतरून बघितलं तर उजव्या बाजूचा, गरारीकडचा एक स्पोक हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याजवळच्या, वाकणावर तुटला होता. तुटका तुकडा शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळला, मागचा ब्रेक मोकळा केला आणि हळूहळू घरी आलो.

स्पोक तुटला याचं वाईट वाटलं नाही. मागच्या चाकाला गरारीसाठी जागा सोडावी लागते, म्हणून उजव्या बाजूचे स्पोक डाव्या बाजूपेक्षा जास्त ताणलेले असतात. सामान आणि खड्डे सोसत ही सायकल पाच वर्षं चालली आहे. खरी अडचण वेगळीच आहे. नवा स्पोक हबच्या भोकातून ओवायचा तर गरारी मध्ये येते. आठ चकत्यांचा तो गठ्ठा, म्हणजे कॅसेट, काढल्याशिवाय स्पोक घालता येणार नाही आणि कॅसेट काढायचं हत्यार माझ्याकडे नाही.

११ नोव्हेंबर

शाळेतून येताना नानांच्या टपरीवर चाक नेलं. नाना चाळीस वर्षांपासून काळ्या उभ्या सायकली दुरुस्त करतात. चाकाची रिंग सरळ करायला त्यांच्यासारखा हात मी अजून पाहिलेला नाही. त्यांनी चाक फिरवलं, मधल्या दातेरी खळग्यात बोट घातलं आणि मान हलवली.

"भाऊ, मन्हाकडे त्यानं हत्यार नही. आन छन्नी मारू नको, आटा खराब व्हई जातीन."

छन्नीचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. दोन वर्षांपूर्वी हीच कॅसेट मी गावातल्या एका दुकानात काढायला दिली होती. मी समोर उभा असताना तिथल्या कारागिराने कॅसेट आवळून धरणाऱ्या लॉकरिंगच्या कडेला छिन्नी टेकवली आणि हातोडीने ठोकून ती फिरवली. कॅसेट निघाली आणि परत बसलीही, पण लॉकरिंगवर दोन खोल जखमा राहिल्या आणि आतला एक दात तोंडाशी चेपला गेला. मला तेव्हाच थांबवायला हवं होतं. शंभर रुपयांचं काम म्हणून मी गप्प राहिलो आणि आज ती जखम दिसली की मनाला लागते. या वेळी काम घरीच करायचं ठरवलं. हत्यारं विचार करून जमवायची आणि प्रत्येक पायरी इथे लिहून ठेवायची.

१३ नोव्हेंबर

हत्यार घेण्याआधी आपल्या चाकावर नक्की काय आहे ते ओळखायला हवं. मागच्या गरारीच्या दोन जाती असतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि एकाच दिशेला मोकळी फिरणारी यंत्रणा हे सगळं एकाच तुकड्यात असतं. तो अख्खा तुकडा हबच्या आट्यांवर नटासारखा फिरवून बसवलेला असतो. नानांच्या सगळ्या सायकलींना हेच असतं, फक्त एका चकतीचं. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबचाच भाग असते, तिला फ्रीहब म्हणतात. चकत्या त्यावरच्या खाचांमध्ये नुसत्या सरकवलेल्या असतात आणि सगळ्यांवर एक लॉकरिंग आवळलेली असते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. चाक काढून हातात धरायचं आणि चकत्या उलट्या, म्हणजे ट्रिकट्रिक आवाज होतो त्या दिशेने फिरवायच्या. मधला दातेरी खळगा चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, जागचा हलला नाही तर फ्रीव्हील. घरातली दोन्ही चाकं काढून बघितली. माझ्या ८ स्पीडवर खळगा फिरला. पोराच्या ७ स्पीडवर तो एक्सलसारखा स्थिर राहिला. एकाच घरात दोन जाती निघाल्या, तर हत्यारंही दोन लागणार.

आणखी एक खूण सापडली. माझ्या सर्वांत लहान चकतीला ११ दात आहेत, पोराच्या सायकलीला १४. आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये ११ दातांची चकती सहसा मावत नाही, कारण तिच्या आत आट्यांचा जाड गाभा असतो.

१७ नोव्हेंबर

ऑनलाइन मागवलेलं हत्यार आलं. पाकिटावर 'कॅसेट रिमूव्हर' असं छापलं होतं. बारा दात, चकचकीत, हातात धरलं तर वजनदार. लॉकरिंगमध्ये घातलं, आत गेलं. पण बोटाने हलवलं की टकटक वाजत होतं. जोर न लावता तसंच ठेवून भिंगातून बघितलं. हत्याराचे दात खाचांना पूर्ण भिडत नव्हते, प्रत्येक दाताच्या बाजूला बारीक फट दिसत होती.

मग तेच हत्यार पोराच्या फ्रीव्हीलमध्ये घातलं आणि ते तिथे खटकन बसलं. म्हणजे आलं होतं फ्रीव्हीलचं हत्यार, नाव लावलं होतं कॅसेटचं. दोन्हींना बारा दात असतात, दोन्ही एकाच घराण्यातली दिसतात, पण फ्रीव्हीलचं किंचित लहान असतं. तो किंचितपणा डोळ्यांना कळत नाही, बारीक मापं घेणाऱ्या कॅलिपरला कळतो. पार्क टूल या सायकलची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत या दोघांना दोन वेगळे क्रमांक आहेत, कॅसेटसाठी एफआर-५.२ आणि शिमानो जातीच्या फ्रीव्हीलसाठी एफआर-१.३. विक्रेत्याच्या नावावर विसंबून न राहता हा क्रमांक बघून घ्यायला हवं होतं.

हत्यार परत केलं नाही. पोराच्या चाकाला लागणारच आहे.

२१ नोव्हेंबर

दोन दिवस निवडणुकीच्या ड्यूटीत गेले. केंद्र शिरपूर तालुक्यात होतं, काल रात्री उशिरा पेट्या जमा करून परतलो. केंद्रावर दुपारी गर्दी ओसरली तेव्हा वहीच्या मागच्या पानावर हत्यारांचा हिशेब मांडला होता. तो इथे उतरवतो.

कॅसेट काढताना दोन हातांना दोन कामं असतात. एक हात लॉकरिंग उलटी फिरवतो. पण ती त्या दिशेला फिरवली की चकत्याही तिच्याबरोबर ट्रिकट्रिक करत मोकळ्या फिरतात, म्हणून दुसऱ्या हाताने चकत्या अडवून धराव्या लागतात. त्या अडवायच्या हत्याराला चेन व्हिप म्हणतात: एक दांडा आणि त्याला जोडलेला चेनचा तुकडा. फ्रीव्हीलला याची गरज नसते, कारण तिथे हत्यार थेट आट्यांच्या गाभ्याला पकडतं.

लॉकरिंगचं हत्यार तीन प्रकारचं मिळतं: साधं, मध्ये सळई असलेलं आणि दांड्यासकट. सळई चाकाच्या पोकळ एक्सलमध्ये शिरते आणि हत्यार तिरकं होऊ देत नाही. माझ्या लॉकरिंगचा एक दात आधीच चेपलेला आहे, तेव्हा हत्यार सरळ बसणं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून सळईवालं. दांड्यासकट असलेलं सोयीचं, पण महाग. शिवाय माझ्याकडे बारा इंची स्क्रू पाना आहे आणि तो हातात बसलेला आहे. मात्र सळईवालं हत्यार पोराच्या चाकात चाललं नसतं, कारण तिथला एक्सल भरीव आहे, वर नट आहेत. तिथे आरपार पोकळ हत्यारच लागतं. चुकून आलेलं हत्यार नेमकं तसंच आहे.

ठरलं असं: लॉकरिंगचं हत्यार चांगल्यातलं विकत घ्यायचं. तिथे मापाचा मामला आहे, दशांश मिलिमीटरची चूक झाली तर दात सोलले जातात. चेन व्हिपचं तसं नाही. सायकलच्या कुठल्याही चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंचच असतो, आणि जुनी चेन घरात पडली आहे. ते हत्यार मी बनवणार.

नाशिकच्या एका मित्राला निरोप दिला आहे. दीडशे किलोमीटरवरून येणाऱ्या हत्याराचं माप या वेळी फोनवर दोनदा विचारून घेतलं.

२४ नोव्हेंबर

रविवार, अख्खा दिवस चेन व्हिपला दिला.

पाच कंदीलकडून ३ मिमी जाड आणि ३० मिमी रुंद लोखंडी पट्टी आणली. दुकानदार लहान तुकडा द्यायला तयार नव्हता, म्हणून ८० सेंमी घेतली आणि मधून कापली. जाडी मुद्दाम ३ मिमी. चेनच्या बाहेरच्या दोन पत्र्यांमध्ये तेवढी पट्टी थोडी सैल, पण नीट बसते, त्यामुळे चेनचीच पिन आरपार ठोकून जोड करता येतो. ५ मिमीची पट्टी त्या फटीत जात नाही.

पट्टीच्या टोकाला पिन घट्ट जाईल एवढं भोक पाडलं. पट्टीच्या कडा कानसीने गोल केल्या. चेनचा पंधरा कड्यांचा तुकडा तोडला आणि टोकाला बाहेरची कडी येईल असा जोडला. जुन्या चकतीवर गुंडाळून ओढून बघितलं. पकड बसली, पण जोर वाढवला तशी पट्टी चकतीवरून घसरली आणि माझी बोटं स्पोकवर आदळली. दोन बोटांची सालं निघाली.

चहा घेतला, हळद लावली आणि कारण शोधलं. चेन ओढते तेव्हा पट्टीचं टोक चकतीकडे खेचलं जातं, आणि त्याला टेकायला दात नसतात. विकतच्या चेन व्हिपमध्ये लांब तुकड्यामागे एक आखूड तुकडा असतो. तो का असतो हे आज हाताला कळलं. मग पट्टीच्या काठाला लागून आणखी दोन भोकं पाडली आणि तीन कड्यांचा तुकडा दोन्ही टोकांनी पक्का केला. दोन भोकांमधलं अंतर तीन कड्यांच्या लांबीपेक्षा थोडं कमी ठेवलं, त्यामुळे तो तुकडा कमानीसारखा बाहेर झुकतो आणि चकतीचे दात त्यात शिरतात. आता लांब चेन ओढते आणि आखूड चेन टेकते. घसरणं थांबलं.

दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. खर्च पट्टीचा तेवढाच.

१ डिसेंबर

हत्यार काल रात्री एसटीने आलं. सळईवालं, डोकं षटकोनी, २४ मिमी.

आधी लॉकरिंगचं तोंड साफ केलं. आमच्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी आत शिरते आणि दिवाळीपर्यंत विटेसारखी घट्ट होते. दाभणाने प्रत्येक खाच कोरून काढली. बाराच्या बारा. चेपलेल्या दाताचं तोंड बारीक कानसीने, चार-पाच फेऱ्यांत, शेजारच्या दातासारखं केलं. मग चाकाची झटपट निघणारी सळई काढली आणि हत्यार घातलं. ते अर्ध्यावर अडकलं. पुन्हा काढलं, कानस दोनदा फिरवली, पुन्हा घातलं. या वेळी ते तळापर्यंत गेलं आणि बोटाने हलवलं तर हललं नाही. टकटक नाही. दोन आठवडे मी या न वाजण्याची वाट बघत होतो.

चाक उभं धरलं, कॅसेटचं तोंड माझ्यापासून पलीकडे. डावीकडे चेन व्हिप मधल्या चकतीवर, उजवीकडे पाना. दोन्ही दांडे आडवे, जवळपास एका रेषेत. अशा धरण्यात दोन्ही हातांनी फक्त खाली दाबायचं असतं, अंगाचं वजन कामाला येतं आणि बोटं चकत्यांपासून लांब राहतात. पहिल्या दाबाला काही झालं नाही. दुसऱ्यांदा पोराने चाक गुडघ्यात धरलं, मी दोन्ही हात सरळ ठेवून वजन टाकलं.

कर्रर्र.

क्षणभर धसका बसला, काहीतरी तुटलं असं वाटलं. पण तो लॉकरिंगचा स्वतःचा आवाज आहे. तिच्या आतल्या बाजूला बारीक रेघा असतात, तशाच पहिल्या चकतीच्या तोंडावर असतात, आणि त्या एकमेकींवरून सरकताना असा कर्रकर्र आवाज करतात. ढिली होऊ नये म्हणूनच त्या असतात. पुढचे आटे हाताने उलगडले.

बाहेरच्या लहान चकत्या सुट्या निघाल्या, मधल्या रिंगांसह. आतल्या मोठ्या चकत्या तीन लांब पिनांनी एकत्र जोडलेल्या असतात, त्या एकदमच निघाल्या. काढल्या त्याच क्रमाने सुतळीत ओवून गाठ मारून ठेवल्या. चकत्या उलटसुलट बसत नाहीत, फ्रीहबवर एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते. पण मधल्या रिंगांचा क्रम चुकू शकतो.

तुटक्या स्पोकचं डोकं हबमध्ये तसंच होतं. बोटाने ढकललं तर निघालं.

२ डिसेंबर

चकत्या रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासल्या. स्टीलची पट्टी लावून चेनही मोजली. २४ कड्यांचे १२ इंच व्हायला हवेत, त्यापुढे इंचाचा सोळावा भाग गेली की बदलायची असा माझा नियम. अजून थोडी जागा आहे. नमुना म्हणून शेजारचा एक जुना स्पोक काढून त्याच लांबीचे तीन आणले. त्यातला एक घातला, बाकीचे दोन हँडलच्या पिशवीत. चाक नानांकडे सरळ करायला दिलं.

८ डिसेंबर

नानांनी रिंग अशी सरळ करून दिली की फिरताना नजर ठरत नाही. पैसे घेतले नाहीत, "तुन्हं हत्यार माले दखाड," एवढंच म्हणाले.

जुनी लॉकरिंग टाकून नवी घेतली. घेताना ११ दातांच्या चकतीची हे सांगून घेतली, कारण १२ दातांच्या चकतीची लॉकरिंग कडेला मोठी असते आणि ११ वाल्या चकतीवर ती चेनच्या वाटेत येते. आट्यांना ग्रीसचा हलका हात दिला.

लॉकरिंगवर ४० न्यूटन-मीटर असं कोरलेलं आहे. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना माझ्याकडे नाही आणि एका कामासाठी तो घ्यावासा वाटला नाही. पण हिशेब करता येतो. पान्याच्या दांड्यावर हत्याराच्या मध्यापासून २५ सेंमीवर खूण केली. तिथे काटकोनात ओढलं तर ४० भागिले ०.२५, म्हणजे १६० न्यूटन बळ लागतं. हे १६ किलोंच्या ओढीपेक्षा थोडं जास्त होतं. काकांकडे शेतात कापूस मोजायचा हुकाचा काटा असतो. वेचणी चालू आहे, पण दुपारच्या न्याहारीपुरता त्यांनी तो दिला. खुणेवर दोरी बांधली, दोरीत काट्याचा हुक अडकवला आणि काटा हळूहळू ओढत गेलो. बारा, चौदा, पंधरा. कर्रकर्र आवाज दाट होत गेला. सोळाच्या थोडं पुढे गेल्यावर थांबलो.

आवळताना चेन व्हिप लागली नाही. त्या दिशेला फ्रीहब आपणच पकडतो, फक्त चाक पोराने दाबून धरलं. आजवर मी असल्या गोष्टी हाताच्या अंदाजाने आवळत आलो. आज काट्यावर सोळा किलो बघितले तेव्हा कळलं, माझा अंदाज निम्माच होता.

१५ डिसेंबर

पोराचं फ्रीव्हील. याच्या आत वाळू शिरल्यासारखा आवाज येतो, बदलायचंच आहे.

इथे चेन व्हिप नको, पण जोर खूप लागतो. कारण फ्रीव्हील प्रत्येक पायडलला आणखी आवळलं जातं. पोरगा तीन वर्षं ही सायकल चालवतोय, म्हणजे तीन वर्षं ते आवळलं जातंय. बारा इंची पाना लावून लटकलो तरी हललं नाही. आदल्या रात्री आट्यांच्या बाजूने तेल सोडलं होतं, त्यानेही नाही.

अवधानच्या एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं फॅब्रिकेशनचं काम आहे. त्याच्या टेबलावरच्या मोठ्या शिकंज्यात हत्यार उभं पकडलं, त्यावर चाक आडवं ठेवलं. एक्सलचा नट आधीच हत्यारावर हलका फिरवून ठेवला होता, म्हणजे हत्यार दातांतून उडी मारणार नाही. मग दोघांनी समोरासमोर टायर धरून एसटीच्या स्टिअरिंगसारखं चाक फिरवलं, उलट्या दिशेने. चाकच लांब दांड्यासारखं काम करतं आणि दोघांचा जोर दोन्ही बाजूंनी लागतो, त्यामुळे एकट्याने पाना ओढण्यापेक्षा जास्त जोर पोचतो. कट्ट आवाज आला आणि चाक बोटभर सरकलं. लगेच थांबून नट सैल केला. तो तसाच ठेवून फिरवत गेलं तर सुटणारं फ्रीव्हील नटालाच रेटतं. बाकीचं हाताने निघालं.

नवं बसवताना हबच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावलं. सुरुवातीचे दोन आटे हातानेच फिरवले. आटे बारीक असतात, तिरके चढले तर अॅल्युमिनियमचा हब कायमचा जातो. शेवटचं आवळणं पोरगा पायडल मारून करेलच.

२२ डिसेंबर

पहाटे थंडीत लळिंगला गेलो. घाटात उभं राहून पायडल मारले, मागून एकही आवाज नाही. येताना एका मळ्यावर भरीत-भाकरी झाली.

संध्याकाळी डबा घेऊन नानांकडे गेलो: दोन दातेरी हत्यारं, दोन्हींवर रंगाने खूण केलेली, कॅसेटचं लाल आणि फ्रीव्हीलचं पांढरं, आणि चेन व्हिप. नानांनी व्हिप हातात घेतली, आखूड कमान बोटाने दाबून बघितली, लांब चेन मनगटाभोवती गुंडाळून ओढली.

"हाई तं भारीच बनाडं रे भाऊ. माले बी एक बनाडी दे. आते गिअरन्या सायकली येतस, मी पोऱ्हेसले माघारी धाडस."

पट्टीचा उरलेला ४० सेंमी तुकडा घरी आहे. रात्री त्यावर तीन भोकांच्या खुणा करून ठेवल्या.